खोल आणि कमी पाण्याच्या बोअरसाठी पंप निवडताना

बोअरची खोली सांगायची आणि तेवढ्यावरून किती एचपीची मोटर सोडायची हे ठरवून टाकायचे, ही पंप निवडण्याची रूढ पद्धत आहे. भरपूर पाणी असलेल्या बोअरला ती कशीबशी चालून जाते, कारण तिथे पंप थोडा मोठा घेतला तरी पाणी तुटत नाही. पण बोअर खोल आहे आणि पाण्याची आवक मात्र मिनिटाला जेमतेम पाच-दहा लिटर आहे, अशा ठिकाणी खोलीवरून एचपी ठरवणे म्हणजे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे होय. अशा बोअरमध्ये पंपाचा आकार आवकेने ठरतो, आणि खोली, किंबहुना उपशाच्या वेळची पाणीपातळी, ही त्यानंतर येते. पंप पाणी निर्माण करत नाही. खडकातील भेगांमधून जेवढे येते तेवढेच तो वर आणू शकतो, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि मोटर घेताना नेमकी तीच विसरली जाते.

कमी आवक म्हणजे अपुरे पाणी, असेही नाही. मिनिटाला १० लिटर आवक असलेली बोअर दिवसाच्या चोवीस तासांत १४,४०० लिटर पाणी देऊ शकते. मिनिटाला ३ लिटर या अगदी किरकोळ वाटणाऱ्या आवकेचेही दिवसाला ४,३२० लिटर होतात, आणि ते एका कुटुंबाच्या गरजेपेक्षा बरेच जास्त आहे. अडचण पाण्याच्या प्रमाणाची नसून वेगाची असते. माणसाला नळ उघडताच मिनिटाला पंधरा-वीस लिटर हवे असतात, आणि बोअर तेवढे एकदम देत नाही. मोठा पंप सोडून ही अडचण सुटत नाही. ती लहान पंप, जास्त तास आणि जमिनीवरची पुरेशी मोठी टाकी यांनी सुटते.

म्हणून पहिले काम म्हणजे आवक मोजणे. बोअर मारताना यंत्राच्या हवेच्या दाबाने जे पाणी उसळते त्यावरून सांगितलेला आकडा मी निवडीसाठी वापरत नाही. ती चाचणी थोडा वेळ चालते, तिच्यात बोअरमध्ये आधीच साठलेले पाणी मिसळलेले असते, आणि ओलसर हंगामात घेतलेला आकडा कोरड्या हंगामात टिकत नाही. आवक वर्षातील सर्वांत कोरड्या काळात, उपसा करून आणि पातळी परत कशी चढते ते पाहून मोजावी. त्यासाठी फार मोठे साहित्य लागत नाही. पाण्याला टोक टेकताच आवाज किंवा दिवा देणारी, मीटरच्या खुणा असलेली दोन तारांची पट्टी, एक घड्याळ आणि एक वही पुरते.

उदाहरणादाखल १८० मीटर, म्हणजे सुमारे ५९० फूट खोलीची, १६५ मिलिमीटर व्यासाची बोअर घेऊ. या व्यासाच्या बोअरमध्ये प्रत्येक मीटर उंचीला साधारण २१.४ लिटर पाणी मावते. स्थिर पातळी, म्हणजे उपसा नसताना पाणी जिथे येऊन थांबते ती, ६० मीटरवर आहे असे समजा. तात्पुरता पंप लावून पातळी १४० मीटरपर्यंत उतरवली, पंप बंद केला आणि दर दहा मिनिटांनी पट्टी सोडून पातळी टिपली. पहिल्या दहा मिनिटांत पातळी ४.७ मीटर चढली, तर त्या दहा मिनिटांत सुमारे १०० लिटर पाणी आले, म्हणजे आवक मिनिटाला १० लिटर. पुढच्या दहा मिनिटांतही तेवढीच चढली, त्याच्या पुढच्याही. मग पातळी ११० मीटरच्या आसपास आल्यावर चढण्याचा वेग मंदावू लागला. हा मंदावण्याचा क्षण वहीतला सगळ्यात मोलाचा असतो, कारण पाणी देणारी मुख्य भेग साधारण त्याच खोलीवर आहे, हे तो सांगतो. पाणी भेगेच्या खाली असते तोवर भेगेतून येणारे पाणी वरून मोकळेपणी पडत असते आणि पातळी कितीही खाली नेली तरी आवक वाढत नाही. पातळी भेगेच्या वर चढली की बोअरमधल्या पाण्याचा दाब आवकेला अडवू लागतो, आणि स्थिर पातळी जवळ येईल तशी आवक शून्याकडे जाते.

यातून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, भेगेच्या खाली पंप सोडून जे मिळते ती केवळ साठवण असते, जादा आवक नव्हे. साठवण उपयोगाची असतेच. वरच्या उदाहरणात ११० पासून १४० मीटरपर्यंतच्या तीस मीटरमध्ये सुमारे ६४० लिटर मावतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते: बोअर पूर्ण भरण्याची वाट पाहणे तोट्याचे असते. १४० वरून ११० मीटरपर्यंत यायला साधारण एक तास लागेल, तिथून ८५ मीटरपर्यंत यायला सव्वा तास, पण त्यानंतर उरलेल्या अंतराचे पुन्हा निम्मे, म्हणजे फक्त साडेबारा मीटर, चढायलाही तेवढाच सव्वा तास जाईल. पातळी जितकी वर, तितका खडक कमी पाणी सोडतो. दिवसातून एकदाच जोराने उपसून बाकी वेळ बोअर भरलेली ठेवण्यापेक्षा थोडे थोडे पाणी वारंवार काढले, तर त्याच बोअरमधून दिवसअखेर कितीतरी जास्त पाणी हाती येते.

आता हेड, म्हणजे पंपाला पाणी प्रत्यक्षात किती उंच ढकलायचे आहे ते. इथे बोअरची एकूण खोली निरर्थक आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि त्यात पाइपातील घर्षणाचा तोटा, एवढेच हेड. पंप १५० मीटरवर टांगला असला, तरी पाणी ६० मीटरवर उभे असेल तेव्हा त्याला ६० मीटरवरूनच उचलायचे असते, कारण पाइपातले त्याखालचे पाणी पाइपाबाहेरच्या पाण्याने तोललेले असते. निवड मात्र सर्वांत वाईट स्थिती धरून करावी: पातळी १४८ मीटरपर्यंत उतरली, टाकी जमिनीपासून ५ मीटर उंच आहे आणि घर्षणाचे दोनएक मीटर, म्हणजे सुमारे १५५ मीटर. २६ मिलिमीटर आतील व्यासाच्या प्लास्टिक पाइपातून मिनिटाला १५ लिटर पाणी जाताना शंभर मीटरला जेमतेम एक मीटर हेड वाया जाते, त्यामुळे एवढ्या कमी प्रवाहासाठी जाड पाइप घेण्याचे कारण नाही. मिनिटाला १५ लिटर पाणी १५५ मीटर उचलण्यासाठी पाण्याला द्यावी लागणारी शक्ती फक्त ३८० वॅट आहे. लहान पंपाची कार्यक्षमता चाळीस टक्के धरली, तरी मोटरच्या दांड्यावर ९५० वॅट, म्हणजे सव्वा एचपीच्या आसपास लागते. दीड एचपीमध्ये काम होते. अशाच खोलीला तीन किंवा पाच एचपीची मोटर सोडलेली दिसते, तेव्हा ती जादा शक्ती पाणी काही मिनिटांत तोडण्यासाठीच खर्च होत असते.

गच्चीवरची टाकी किंवा नळांना लागणारा दाब हेही काम याच पंपावर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. बोअरमधील पंपाने पाणी जमिनीलगतच्या टाकीत हळूहळू भरावे आणि तिथून पुढे वेगळ्या, छोट्या, हाताशी असलेल्या पंपाने ते वर चढवावे. दोन कामांची गती वेगळी आहे. ती एकाच यंत्रावर लादली की त्याची निवड दोन्हींकडून चुकते.

पंपांच्या प्रकारांपैकी जमिनीवर बसून पाणी ओढणारे पंप इथे विचारात घ्यायचेच नाहीत. ते पाणी ओढत नसतात, वातावरणाचा दाब पाणी वर ढकलत असतो, आणि समुद्रसपाटीला हा दाब पाण्याचा स्तंभ १०.३ मीटरच्या वर पेलू शकत नाही, हे १६४० च्या दशकात टोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने उलगडून दाखवले. व्यवहारात सात मीटरच्या पुढे भरवसा नसतो. जेट पंप ही मर्यादा थोडी वाढवतो, पण तीस-चाळीस मीटरच्या पुढे त्याची कार्यक्षमता फार खालावते.

राहतो तो मुख्यतः सबमर्सिबल पंप, म्हणजे एकावर एक इंपेलर (पाणी फेकणाऱ्या पात्यांच्या फिरत्या चकत्या) रचलेला आणि खाली मोटर जोडलेला. त्याची निवड करताना पेटीवरचा ‘कमाल हेड’ आणि ‘कमाल प्रवाह’ हे आकडे बाजूला ठेवावेत, कारण हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल हेडला प्रवाह शून्य असतो. उत्पादकाचा प्रवाह आणि हेड यांचा आलेख मागून घ्यावा आणि त्यावर आपली दोन टोके तपासावीत. आपल्या उदाहरणात पातळी खाली असताना १५५ मीटरला मिनिटाला १५ लिटर देणारा पंप, पातळी वर असताना, म्हणजे ६५-७० मीटर हेडला, त्याच्यापेक्षा बरेच जास्त पाणी फेकू शकतो. यात आनंद मानण्यासारखे काही नाही. प्रवाह आलेखाच्या उजव्या टोकापलीकडे गेला की इंपेलर वर उचलले जातात आणि वरच्या बाजूला घासू लागतात. उलट, प्रवाह फार कमी झाला की ते खाली दाबले जातात आणि पंपातले पाणी तापते. अशा रीतीने चाललेला पंप उघडला, तर इंपेलरच्या वॉशरची एकच बाजू कागदासारखी पातळ झालेली आणि दुसरी नवीकोरी, असे चित्र दिसते. त्यावरून तो आयुष्यभर आलेखाच्या कोणत्या टोकाला चालला, हे सरळ वाचता येते.

यावर उपाय स्वस्त आणि साधा आहे. बोअरच्या वरच्या तोंडाशी पाइपावर ठरावीक प्रवाहापलीकडे पाणी जाऊ न देणारा, आत लवचीक रबराचे छिद्र असलेला प्रवाह-नियंत्रक बसवावा; दाब वाढला की ते छिद्र आकसते आणि प्रवाह जवळपास तोच राहतो. तो नसल्यास साधा व्हॉल्व्ह थोडा मिटून ठेवला तरी चालते. व्हॉल्व्ह मिटल्याने मोटरवर भार वाढेल अशी भीती अनेकांना वाटते, पण या प्रकारच्या पंपात प्रवाह कमी झाला की मोटरची शक्तीही सहसा कमीच लागते. फक्त व्हॉल्व्ह इतका मिटू नये की प्रवाह उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेखाली जाईल.

मोठा पंप घेऊन त्याचा वेग इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हने कमी करू, असा सल्ला हल्ली वारंवार दिला जातो. उथळ पाण्यासाठी तो योग्य असेल. खोल पाण्यासाठी मला तो पटत नाही, आणि त्याचे कारण गणितात आहे. इंपेलरच्या पंपात प्रवाह वेगाच्या प्रमाणात घटतो, पण हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पूर्ण वेगाला जास्तीत जास्त २२० मीटर हेड देणारा पंप ८० टक्के वेगाला फक्त १४० मीटर देईल. आपल्याला १५५ मीटर हवे आहेत. म्हणजे वेग केवळ एक पंचमांश कमी केल्यावर तो पंप फिरत राहील, वीज खाईल, तापेल, आणि एक थेंबही वर येणार नाही. खोल बोअरमध्ये वेग कमी करायला वावच फार थोडा असतो.

नेमकी हीच अडचण हेलिकल रोटर पंपात नाही. रेने म्वानो या फ्रेंच अभियंत्याने १९३० च्या दशकात विकसित केलेल्या तत्त्वावर तो चालतो: मळसूत्रासारखा पिळदार स्टीलचा रोटर (फिरता दांडा) रबराच्या तशाच पिळदार स्टेटरमध्ये (स्थिर नळीत) फिरतो आणि दोहोंमधल्या बंदिस्त पोकळ्यांतून पाणी वर सरकत जाते. त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला ठरलेले पाणी वर येते, हेड ७० मीटर असो वा १५५. वेग निम्मा केला तर पाणी साधारण निम्मे होते, पण उचलण्याची ताकद टिकते. मिनिटाला पाच-सात लिटर इतक्या बारीक प्रवाहालाही तो चांगल्या कार्यक्षमतेने चालतो, जिथे इंपेलरचे पंप फार वीज वाया घालवतात. सौर पॅनेलवर चालवायचे असेल, तर फरक आणखी ठळक होतो: सकाळच्या तिरप्या उन्हात इंपेलरचा पंप नुसताच फिरत असतो, हेलिकल पंप मात्र थोडे थोडे का होईना, पाणी चढवत असतो. खोल आणि कमी पाण्याच्या बोअरसाठी, तो आणि त्याचे सुटे भाग मिळत असतील तर, माझी पहिली पसंती याला आहे.

पण त्याचे दोन दोष समजून घेतल्याशिवाय तो घेऊ नये. त्याचे रबर पाण्यानेच थंड आणि ओले राहते. कोरडा चालला तर ते काही मिनिटांत जळते, आणि असा स्टेटर हातात घेतला की आतले रबर चुरा होऊन बोटांना काळे लागते. इंपेलरचा पंप कोरडे चालणे थोडा वेळ सोसतो, हा अजिबात सोसत नाही. दुसरे म्हणजे, त्याच्यापुढचा व्हॉल्व्ह कधीही मिटायचा नाही. तो अडलेल्या पाण्यावर दाब वाढवत राहतो आणि पाइप किंवा मोटर यांपैकी एक हार मानते. म्हणून वर सांगितलेला व्हॉल्व्ह मिटण्याचा उपाय इथे लागू नाही; इथे प्रवाह वेगानेच बदलायचा.

कॉम्प्रेसरने हवा सोडून पाणी काढण्याची पद्धतही कमी पाण्याच्या बोअरला वापरतात. बोअरमध्ये फिरणारा भाग नसतो, वाळूने काही झिजत नाही आणि वाकड्या किंवा अरुंद बोअरमध्येही पाइप उतरतो, हे तिचे खरे गुण आहेत. मात्र एकूण पाइपाचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला असावा लागतो. १५० मीटर पाइप आणि ६० मीटरवर पाणी असताना ती जोमाने सुरू होते. पातळी १०५ मीटरच्या खाली गेली, म्हणजे बुडालेला भाग तीस टक्क्यांपेक्षा कमी झाला, की पाणी आचके देत येते आणि मग नुसती हवाच येते. वीजही कितीतरी जास्त लागते. पिण्याच्या पाण्यासाठी कॉम्प्रेसर तेलविरहित असावा, याकडेही लक्ष द्यावे लागते. बाकी काही बोअरमध्ये उतरतच नसेल, तर हा पर्याय, असे माझे मत आहे.

मोटर थंड राहण्याचा प्रश्न कमी पाण्याच्या बोअरमध्ये हटकून येतो. सबमर्सिबल मोटर तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने थंड होते, आणि चार इंची मोटरसाठी हा वेग सेकंदाला सुमारे ८ सेंटिमीटर असावा असे सामान्यतः धरतात. १६५ मिलिमीटरच्या बोअरमध्ये ९६ मिलिमीटरची मोटर टांगली आणि मिनिटाला १५ लिटर उपसा केला, तर मोटरभोवतीच्या पोकळीत पाण्याचा वेग सेकंदाला दोन सेंटिमीटरही भरत नाही. त्यातही पंप भेगेच्या खाली असेल, तर पाणी वरून येऊन थेट पंपाच्या तोंडात शिरते आणि खालच्या मोटरभोवतीचे पाणी जागचे हलत नाही. मोटरवर ११० मिलिमीटर आतील व्यासाचा पाइप बाहीसारखा चढवून तो पंपाच्या तोंडाच्या वर घट्ट बंद केला, की पाण्याला खालून, मोटरला घासूनच यावे लागते आणि वेग सेकंदाला अकरा सेंटिमीटरपर्यंत जातो. वाइंडिंग जळाल्याचे खापर विजेच्या चढउतारांवर फोडले जाते, तेव्हा ही बाही होती का, हे कोणी विचारत नाही.

केबल आणि पाइप यांचा हिशेब थोडक्यात. दीड एचपीची सिंगल फेज मोटर २३० व्होल्टला नऊएक अँपिअर घेते. १६० मीटर लांबीच्या २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलमध्ये वीसहून अधिक व्होल्ट वाटेतच जातात. ६ चौरस मिलिमीटर घेतली तर नऊच्या आसपास. ही काटकसर करण्याची जागा नव्हे. पाइपाचा दाब पंपाच्या शून्य प्रवाहाच्या हेडवरून ठरवावा, कामाच्या हेडवरून नाही: २२० मीटर म्हणजे जवळपास २२ बार, आणि तो सगळा सर्वांत खालच्या तुकड्यावर येतो.

शेवटचा भाग कोरडे चालण्यापासून संरक्षणाचा. याच्याशिवाय वरची सगळी निवड व्यर्थ आहे. इंपेलरच्या पंपाला रिले, म्हणजे करंट मोजून मोटर आपोआप बंद-चालू करणारे उपकरण, चालतो, कारण पाणी तुटले की मोटरचा भार आणि करंट एकदम घसरतात आणि रिले ती बंद करतो. हेलिकल पंपाला मात्र कोरड्या रबराचे घर्षण करंट फसवे दाखवू शकते, म्हणून पंपाच्या वर काही मीटरवर टांगलेला, पाण्याची पातळी प्रत्यक्ष ओळखणारा सेन्सरच असावा. रिलेवर पुन्हा सुरू होण्याची वेळ अंदाजाने लावू नये. ती वहीत टिपलेल्या चाचणीवरून लावावी. आपल्या उदाहरणात तासाभराने पंप सुरू झाला, तर पातळी भेगेच्या जवळपास आलेली असेल आणि आवक मंदावण्याच्या आत उपसा पुन्हा चालू होईल. दहा मिनिटांची वेळ लावली, तर मोटर दिवसभर चालू-बंद होत राहील आणि सहा तासांची लावली, तर खडक द्यायला तयार असलेले पाणी आपणच नाकारत राहू. पंप तळापासून निदान पाच-सहा मीटर वर टांगावा, म्हणजे गाळ ओढला जाणार नाही. आणि किती मीटर पाइप सोडला, सेन्सर कुठे आहे, स्थिर पातळी किती होती आणि चालू असताना करंट किती होता, हे चार आकडे पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी कोरड्या हंगामात पाणी लवकर तुटू लागले, तर पंप झिजला की पातळी उतरली, हे पंप वर न काढता याच चार आकड्यांवरून ठरवता येते.